शेवटचा फर्मा

माझ्या पुस्तकाचा शेवट मागायला थेट घरापर्यंत आलेला वाचक आयुष्यात एकच. तो आला तेव्हा मी नववीच्या विज्ञानाच्या वह्या तपासत बसलो होतो आणि सुमती आत पोह्यांना फोडणी देत होती. रविवार होता. विट्यातल्या आमच्या भाड्याच्या घराला पुढं लांबट ओटा होता. तिथं चपला वाजल्या, थांबल्या, आणि मग बराच वेळ कुणी हाकच मारीना.

"कोण आहे?" शेवटी मीच विचारलं.

"कृतांत गुरुजी हितंच ऱ्हात्यात का?"

मी चपापलो. कृतांत हे माझं चोरटं नाव. शाळेत मी म्हेत्रे सर, तरफेचे तीन प्रकार आणि ध्वनीचा वेग शिकवणारा. सुट्टी लागली की मी कृतांत व्हायचो. पुण्याच्या एका प्रकाशकाला वर्षाकाठी भुताखेतांच्या दोन कादंबऱ्या लिहून द्यायचो. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. सुमतीला होता, आणि तिला तो उद्योग मुळीच पसंत नव्हता. "शाळेत पोरांच्या डोक्यातली भुतं काढता आणि घरी बसून परत घालता," असं ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

दारात चाळिशीचा एक माणूस उभा होता. खाकी शर्ट, पांढरी विजार, डोक्याला पटका. वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला.

"तायाप्पा सरगर. लिंबाचीवाडी, आटपाडीच्या अलीकडं. ग्रामपंचायतीत शिपाई हाय. गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडंच असती. परकाशकाला कार्ड टाकलं व्हतं, त्येंनी तुमचा पत्ता कळवला."

"या, बसा. बाहेर आणखी कोण आहे?"

"मंडळी हाय. आन् पोरगी. बसू द्या त्यास्नी वट्यावर."

खुर्ची सोडून तो खाली जमिनीवर बसला आणि मांडीवरचं लाल फडकं सोडू लागला. पोथी बांधावी तसं ते बांधलं होतं. आतून निघालं माझंच पुस्तक, 'काळडोहाची पाठराखीण'. लग्न झालेली पोर पहिल्या खेपेला सासरी निघाली की सोबतीला एक पाठराखीण जाते. माझ्या कादंबरीत चंद्रा नावाच्या नवरीबरोबर डोहात बुडून मेलेली एक बाई पाठराखीण होऊन जाते आणि तिच्या अंगात शिरते. मग रुद्राप्पा नावाचा देवभक्त मांत्रिक तिच्याशी झुंजतो. मे महिन्याच्या अठरा दिवसांत लिहून मी मोकळा झालो होतो.

"ह्यात शेवटची पानं न्हाईत, गुरुजी. तेवढी द्या."

मी पुस्तक चाळलं. त्याला खाकी कागदाचं कव्हर होतं, कुठं कोपरा दुमडलेला नव्हता, पेन्सिलीची रेघ नव्हती. वाचनालयाच्या पुस्तकांवर लोक काय काय लिहून ठेवतात! 'वा!' काय, 'फालतू' काय, शेवटी खुनी कोण तेही पहिल्याच पानावर. हे पुस्तक मात्र कोरं करकरीत.

"तुमच्या गावात कुणी पुस्तकावर लिहीत नाही वाटतं?"

"पाटी लावलीया मी. पुस्तकावर लिहायचं न्हाई. लिव्हलं तर मी पुस्तक देत न्हाई, मग सरपंच का असंना."

एकशे चव्वेचाळीस पानं बरोबर होती. त्याच्यापुढं एकशे पंचेचाळीस यायला हवं होतं, तिथं परत एकशे एकोणतीस आलं होतं. माझ्या लगेच लक्षात आलं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. माझं पुस्तक दहा फर्म्यांचं. बाइंडरनं नववा फर्मा दोनदा शिवला होता आणि दहावा घालायचा विसरला होता.

मला हसूच आलं. "अहो, बाइंडिंगवाल्यानं घोळ घातलाय. हीच सोळा पानं दोनदा लावलीत आणि शेवटची गाळली."

तो हसला नाही. "म्हंजे दोनदा आलंय ते चुकून?"

"चुकूनच."

तायाप्पा खाली बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मी दोनदा केलं."

"काय केलं?"

"धुरी दिली. पोरीला."

नवव्या फर्म्यात काय होतं ते मला पाठ होतं. दार-खिडक्या लावून रुद्राप्पा चंद्राला सुक्या मिरच्यांची आणि मोहरीची धुरी देतो. किती मिरच्या, किती मोहरी, तोंड कुठल्या दिशेला, सगळं मी तपशिलानं लिहिलं होतं. तपशील दिला की वाचक घाबरतो, हा माझा अनुभव.

"पयल्यांदा दिली. पुढचं पान उलटलं तर फिरून तेच आलं," तो सांगत होता. "मला वाटलं, पोथीत न्हाई का, एकच अध्याय परत वाचायचा असतो? तसं ह्येचं आवर्तन असंल. म्हणून पंध्रा दिसांनी परत दिली. आता पुढचं काय त्ये कळंना. आमुशा गुरवारी हाय."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला होता. सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्याकडं न बघता ती सरळ ओट्यावर गेली, आणि तिच्या मागोमाग मीही.

खांबाला टेकून बारा वर्षांची पोरगी बसली होती. उन्हाळा असून आईनं तिला पदरात घेतलं होतं. पोरीच्या पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. नाकाखालची कातडी सोलवटली होती. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सुमतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा पोरीनं आधी बापाच्या चाहुलीचा कानोसा घेतला.

"नाव काय गं तुझं?" मी विचारलं.

"अनुशी," आईनं सांगितलं. "अनुसया."

"पुस्तक लिव्हणारं तुमीच का?" पोरीनं विचारलं. घसा पार बसला होता. "पुस्तकातली पोरगी जगती का?"

माझ्या पुस्तकातली पोरगी जगत नव्हती. दहाव्या फर्म्यात रुद्राप्पा तिसरी धुरी देतो. पाठराखीण जाते आणि तिच्याबरोबर चंद्राचा श्वासही जातो. रुद्राप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाचे आभार मानतो, की पोरीचा देह गेला पण आत्मा सुटला. प्रकाशकानं त्या शेवटासाठी मला खास पत्र लिहिलं होतं. ते पुस्तक, दहाच्या दहा फर्म्यांचं, माझ्या कपाटात होतं. मी मागं वळलो. आत येऊन आधी कपाटाला कुलूप घातलं.

"तायाप्पा," मी म्हटलं, "नीट ऐका. हे सगळं मी मनानं लिहिलंय. असली कुठली पाठराखीण नसते. धुरी, मंत्र, सगळं खोटं."

तो ऐकत होता, पण कुणी मोठ्या माणसानं आपली परीक्षा पाहावी तसा. "मनानं लिव्हलं म्हंता, मग अनुशीचं तुमास्नी कसं कळलं?"

"काय कळलं?"

त्यानं पुस्तक न उघडता म्हणून दाखवलं. "'चंद्रा एकाएकी किंचाळून पडे. तिचे डोळे वर फिरत, दातखीळ बसे, तोंडास फेस येई आणि जागी झाल्यावर तिला काही आठवत नसे.' असंच व्हतंय, गुरुजी. यका शबदाचा फरक न्हाई. चुलत बहिणीची पाठराखीण म्हणून गेली व्हती हीच पोरगी. वाटंत वढ्याचा डव्ह लागतो. तिथनं आली आन् चवथ्या दिशी पडली."

मी वह्यांच्या ढिगाखालून आरोग्यशास्त्राचं पुस्तक ओढलं, प्रथमोपचाराचा धडा काढला आणि त्याच्यापुढं धरला. "हे बघा. मी इथून उचललंय. हा रोग आहे. फेफरं. डॉक्टरकडं याचं औषध आहे."

तो पान बोटानं वाचत गेला. खालपर्यंत वाचलं, वर पुन्हा पाहिलं. "औषिद दिलं व्हतं. मिरजेला नेली व्हती पोरीला. पांढरी गोळी, दिवेलागणीला येक. दोन म्हयने पडली न्हाई."

"मग सोडली कशाला?"

तायाप्पा माझ्याकडं बघत राहिला. "तुमीच लिव्हलंय की. 'वैद्याच्या पुडीनं ती हसते, बळावते.' पान अठ्ठ्याऐंशी."

त्या वाक्यावर मी पाच मिनिटंसुद्धा घालवली नव्हती. पान भरायला लिहिलेलं वाक्य ते.

"खोटं आहे ते!" माझा आवाज चढला. "शपथेवर सांगतो, खोटं आहे. हे आरोग्याचं पुस्तक खरं."

"दोन्ही छापलेलीच हायत," तो शांतपणे म्हणाला. "दोन्ही तुमच्याच घरात हायत. येकात देवाचं नाव हाय, येकात न्हाई." मग त्यानं हात जोडले. "गुरुजी, तुमी जाणतं हाय. गुप्त असंल, कुणाला सांगायचं नसंल, समजतंय मला. पर परीक्षा बगू नका. शेवटची पानं द्या. न्हाई दिलीसा तर गुरवारी मला जमंल तसं करीन. असलं काम आर्धं सोडून चालत न्हाई."

त्याच्यात उर्मटपणा नव्हता. पोरीसाठी तो काहीही करायला तयार होता, आणि तीच भीती होती. खरं सांगून उपयोग नव्हता. खरं सांगायची वेळ पान अठ्ठ्याऐंशी लिहिताना येऊन गेली होती.

"बरं," मी म्हटलं. "छापील पानं माझ्याकडं नाहीत. पण हातानं लिहिलेलं कच्चं आहे. त्याची नक्कल करून देतो. चार तास लागतील. जेवून घ्या सगळे आणि ओट्यावर थांबा."

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मी आतल्या खोलीत फुलस्केप कागद घेऊन बसलो. सुमती अनुशीला आणि हौसाला, म्हणजे तिच्या आईला, जेवणाच्या निमित्तानं आत बोलावून मागच्या बोळातून डॉक्टर शहापुऱ्यांच्या घरी घेऊन गेली. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी हौसानं पदराच्या गाठीला जपून ठेवली होती. नवऱ्यानं गोळ्या टाकल्या, तिनं चिठ्ठी टाकली नव्हती.

मी लिहीत होतो. इतकं जपून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. रुद्राप्पा तिसरी धुरी पेटवणार तोच त्याला देवाचा दृष्टांत होतो: थांब, धूर हेच हिचं अन्न आहे, तू तिला पोसतो आहेस. आजपासून या घरात मिरचीचा धूर होता कामा नये. वैद्याच्या पुडीनं ती हसते ते पहिले चाळीस दिवस, मग तिचं हसू आटत जातं. पांढरी गोळी रोज दिवेलागणीला द्यावी. एक दिवस चुकला तर आधीचे सगळे दिवस वाया. दर महिन्याला पोरीनं वैद्याचा उंबरा ओलांडावा आणि किती वेळा पडली ते खरं खरं सांगावं. गोळी थांबवायची ती त्याच्याच शब्दावर. पडली तर कुशीवर वळवावी, तोंडात काही कोंबू नये, नाकाशी कांदा नाही, चप्पल नाही. विहिरीपाशी, चुलीपाशी तिला एकटी सोडू नये. तिला शाळेत घालावी, कारण पाठराखीण अक्षराला भिते. आरोग्यशास्त्राचा अख्खा धडा मी रुद्राप्पाच्या तोंडी घातला आणि प्रत्येक वाक्याला देवाची आण घातली. हे व्रत बारा वर्षांचं, असं लिहिलं.

सुमती परत आली. "डोळे वाचतील म्हणाले डॉक्टर," तिनं सांगितलं. "फुप्फुसाचं बघावं लागेल. आणखी एक धुरी झाली असती तर..." मग दबक्या आवाजात म्हणाली, "पाठ बघितली मी तिची. लिंबाच्या डहाळीचे वळ आहेत. तेही तुमच्याच पुस्तकात आहे का?"

होतं. तेही होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाची, ते मी तेव्हा नीट पाहिलं नाही. समोर ओट्यावर तो बसलेला होता, म्हणून ती त्याच्यावर गेली. मी पेन उचललं आणि शेवटी आणखी एक वाक्य घातलं: 'ज्या हाताने धुरी दिली, त्या माणसाने बारा वर्षे या मुलीस तोंड दाखवू नये. दृष्टादृष्ट झाली तर पाठराखीण माघारी येईल.'

सुमतीनं सगळी पानं वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढी एक काढा. बाप आहे तो."

"त्याच बापानं तिचे डोळे जाळलेत. पुन्हा कुणी काही सांगितलं तर पुन्हा करेल. लांबच राहू दे."

"महिनाभर म्हणा. वर्ष म्हणा."

"किंमत द्यावी लागल्याशिवाय असल्या माणसाचा विश्वास बसत नाही," मी म्हटलं. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होतो.

ऊन कलल्यावर मी तायाप्पाच्या हातात कागद दिले. त्यानं ते कपाळाला लावले आणि दारातच उकिडवं बसून पुटपुटत वाचू लागला. मी उभाच होतो. धुराचं आलं तिथं त्यानं डोळे मिटले. गोळीचं आलं तिथं मान हलवली. शेवटच्या पानावर मात्र तो थांबला. तीच ओळ त्यानं दोनदा वाचली.

अंगणात चिंचेखाली अनुशी पोहे खात होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळं आता फटी थोड्या उघडल्या होत्या. सुमती तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि पोरगी हसली. तायाप्पानं ते हसू पाहिलं.

"बारा वर्सं?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"कवापास्नं?"

तेव्हा मी काहीही म्हणू शकलो असतो. एवढं कडक नाही पाळलं तरी चालेल, असं म्हणू शकलो असतो. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी जे म्हणेन ते तो करणार होता.

"आत्तापासून," मी म्हटलं.

तायाप्पा उठला. त्यानं पटक्याचं टोक सोडून तोंडावरून घेतलं आणि अंगणाकडं पाठ केली. "हौसे," कागद मागं धरून त्यानं तशीच हाक मारली, "पोरीला घिऊन सांजच्या यष्टीनं जा तू. मी चालत येतो. आजपास्नं मी मेंढरांच्या वाड्यावर ऱ्हानार. का, त्ये घरी गेल्यावर वाच."

"अवो, येवढं लांब चालत?"

"येकाच यष्टीत कसं बसायचं?"

"आबा!" अनुशीनं चिंचेखालून हाक मारली.

त्यानं वळून पाहिलं नाही. आटपाडीच्या रस्त्याला लागला आणि चालत राहिला. पंचवीस-तीस मैलांचा रस्ता. सुमती आत निघून गेली.

त्यानंतर कृतांतची एकही कादंबरी आली नाही. मी ठरवून सोडलं असं नाही. कागद पुढं घेतला की हात चालेना. प्रकाशकानं दोन-चार पत्रं पाठवली, मग त्याला दुसरा कुणी कृतांत मिळाला.

शहापुरे डॉक्टर अधूनमधून सांगायचे, पोरगी महिन्याला येते, बरी आहे. एक-दोनदा मी त्यांच्या दवाखान्यापर्यंत गेलो आणि परत आलो. विचारायचं होतं ते त्यांना विचारण्यासारखं नव्हतं.

ती स्वतः आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तोच ओटा, तीच चिंच, सुमती मात्र आदल्या वर्षी गेलेली. हिरव्या साडीतली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली बाई दारात उभी राहिली. डोळे टपोरे होते. नाकाखाली फिकट डाग होता, म्हणून ओळखलं.

"अनुसया?"

"व्हय, गुरुजी." तिनं मला नमस्कार केला आणि सुमतीच्या फोटोपाशी जाऊन तिथंही केला. "बारा वर्सं पुरी झाली गेल्या महिन्यात. म्हणून आले. त्याआधी यायचं नाही असं ठरवलं होतं."

मी पाणी आणलं. तिनं बसून सगळं सांगितलं, वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तसं. पाच वर्षं पडली नाही, मग डॉक्टरांनी हळूहळू गोळी बंद केली. दहावी झाली. आता गावच्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडं आहे.

"आणि वडील?"

"वाड्यावर ऱ्हायले. गाव हसलं, मग हसायचं थांबलं. सकाळी वाचनालय उघडायचे. मी शाळेतनं यायच्या आधी कुलूप न लावता निघून जायचे. टेबलावर माझ्यासाठी पुस्तक काढून ठेवलेलं असायचं. आत लिंबाचं पान घालून ठेवायचे, कुठनं वाचायचं ते कळावं म्हणून. तसं बोलायचो आम्ही." तिनं पाण्याचा घोट घेतला. "तुमचं नवं पुस्तक आलं का म्हणून दरसाल तालुक्याला विचारायचे. नाही आलं की आईला म्हणायचे, बघ, गुरुजीपण काहीतरी पाळत्यात."

मला मान वर करवेना.

"तू कधी त्यांच्या समोर गेली नाहीस?"

"नववीत आरोग्याचं पुस्तक वाचलं मी. सगळं कळलं. पळत निघाले वाड्यावर. अर्ध्या वाटेत थांबले." ती माझ्याकडं सरळ बघत होती. "मी समोर गेले असते आन् मला काही झालं नसतं, तर ती ओळ खोटी ठरली असती. ती खोटी ठरली की सगळीच पानं खोटी ठरली असती. मग त्यांनी गोळी बंद केली असती. परत फिरले मी. गोळी सुटल्यावर तरी जायला पायजे होतं. तवर मलाच भ्या वाटायला लागलं होतं. पाठराखिणीचं नाही. त्यांनी एवढी वर्सं काढलेली, ती मी कशी मोडू?"

"आता कुठं आहेत?"

"गेले. बाराव्या वर्षी. छातीत पाणी झालं होतं. मरताना शुद्धीवर होते. आईला म्हणाले, अजून सात महिने हायत, तोंड झाकूनच न्या. तसंच नेलं." तिनं पदर सारखा केला. "मी पाय बघितले. पायांचं काही लिहिलं नव्हतं तुम्ही."

चिंचेत कुठंतरी खार ओरडत होती.

"एकच विचारायला आले," ती म्हणाली. "बाकीची पानं औषध होती, ते कळलंय मला. ती ओळपण औषधच होती का?"

हो म्हणता आलं असतं. एक खोटं तिला सोपं गेलं असतं, मलाही. त्या रविवारी मी खोट्यानंच तिला वाचवलं होतं. पण तिचा आवाज तिच्या बापासारखा होता. मी जे म्हणेन ते ती धरून चालणार होती.

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्या रागाची होती. बायकोनं काढ म्हटलं होतं, मी काढली नाही. धुरी मी लिहिली होती, अनुसया. राग माझा मला यायला हवा होता, तो मी त्याच्यावर काढला."

तिनं पिशवीतून लाल फडकं काढलं, सोडलं. तेच पुस्तक. माझे फुलस्केप कागद बरोबर कापून, दुमडून, नवव्या फर्म्याच्या मागं सुई-दोऱ्यानं शिवले होते. तिनं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

माझी ती ओळ शाई फिकी होऊनही वाचता येत होती. तिच्या शेजारी समासात पेन्सिलीनं, दाबून, शाळकरी अक्षरात एकच शब्द होता: 'कबूल'. खाली त्याची सही आणि त्या रविवारनंतरच्या सोमवारची तारीख.

अख्ख्या पुस्तकावर त्यानं लिहिलेलं तेवढंच.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी चाचपडत टेबलावरचं पेन उचललं. टोपण काढलं. ती ओळ निदान आता तरी खोडावी, एवढंच मनात होतं. पेन कागदाला टेकणार तोच अनुसयानं पुस्तक मिटलं.

"नको, गुरुजी," ती म्हणाली. "पुस्तकावर लिहायचं न्हाई. आबांची पाटी हाय तिथं अजून."

तिनं पुस्तक परत फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं आणि साडेचारच्या यष्टीला निघून गेली.